आडोशाची कोंबडी

या मासिकाच्या पानांवर आपण आजवर कीर्तनाची परंपरा, देवळांतील दीपमाळा, दशावतारी खेळ, जुन्या ओव्या आणि ताम्रपट यांविषयी वाचत आला आहात. अशा पानांत निखाऱ्यांवर अख्खी कोंबडी भाजण्याचा विषय घेऊन शिरणाऱ्या माणसाला आपण दारातच अडवाल, हे मी जाणून आहे. "हा विषय येथे कशाला?" असा आपला पहिला प्रश्न असेल. माझे उत्तर असे की, हा विषय आपल्या घरांत कोठेच निघत नाही, म्हणूनच तो येथे काढावा लागत आहे. एखाद्या गोष्टीविषयी बोलायचे नाही असे घराने ठरवले, पण ती करायची नाही असे मात्र कोणीच ठरवले नाही, म्हणजे तिची काय दशा होते याचा एक दाखला माझ्यापाशी आहे. तो सांगताना माझी स्वतःची बाजू उजळ दिसणार नाही, याचीही मला जाणीव आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवळाचा उत्सव यथासांग पार पडला. शेवटच्या दिवशी दुपारी महाप्रसाद झाला आणि शेकडो माणसे पंगतींना बसली. उत्सवाचे दिवस घरात सर्वांनी रीतीप्रमाणे शिवराक पाळले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबई, बेळगाव, बडोदे येथून आलेल्या तरुण भावंडांना कोंबडी भाजण्याची हुक्की आली. काकींच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "घरांत नाका, भायर करात. आनी म्हाका सांगूं नाका." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत ते या ना त्या शब्दांत उच्चारले जाते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर ती परवानगीही नव्हे आणि मनाईही नव्हे. देणाऱ्याने दिली नाही आणि घेणाऱ्याने मात्र घेतली, अशी ती संमती आहे.

मुले कुळागरातल्या पंपाच्या खोलीपाशी गेली. उजेडात कोणी पाहील म्हणून अंधार पडण्याची वाट पाहिली. निखारे लवकर पेटावेत म्हणून कोळशावर रॉकेल ओतले. पुढे जाळ वाटेवरून दिसू लागला, तेव्हा शेगडी उचलून त्या खोलीत नेली आणि दार लोटून घेतले. मोबाइलच्या दिव्यात जाळीवर अख्खी कोंबडी ठेवली. तिची चरबी निखाऱ्यांवर गळून भडका उडाला आणि पाव तासात कातडी काळी पडली. काळी पडली ती झाली, असा निवाडा देऊन त्यांनी ती फाडली. हाडाजवळचे मांस ओलसर होते, पण अंधारात ते कोणाच्या नजरेस आले नाही. पाच जणांनी ती खाल्ली.

तिसऱ्या दिवशी रात्री माझा चौदा वर्षांचा पुतण्या तापाने फणफणला. जुलाबांनी त्याच्या अंगात त्राण उरले नाही आणि शेवटी त्याला सलाईन लावावे लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "गेल्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्ले?" घरच्या वडीलधाऱ्यांनी सारे सांगितले. सकाळचे पोहे, दुपारचा भात आणि उत्सवातला महाप्रसाद, यांपैकी काहीच सुटले नाही. सुटली ती फक्त कोंबडी. डॉक्टरांच्या कागदावर उरला तो महाप्रसाद. कागदावरून तो नर्सच्या तोंडी, तेथून वाड्यावर आणि आठवड्याभरात गावभर झाला. देवळाच्या स्वयंपाकघरातले अन्न बाधले, असे लोक बोलू लागले. तीस वर्षे त्या चुलींपुढे उभ्या राहिलेल्या वृद्ध आचाऱ्यांना पुढच्या उत्सवासाठी विचारायचे नाही, अशी कुजबुज महाजनांत सुरू झाली.

त्या वेळी मी त्याच खोलीत उभा होतो. साक्षीदार अर्धे सत्य सांगून अर्धे गिळतो ते नेमके कोणत्या क्षणी, हे ओळखण्यावर माझा चरितार्थ चालतो. मी ते ओळखले आणि गप्प बसलो. शेकडो माणसांनी तोच महाप्रसाद खाल्ला होता आणि त्यांच्यातले कोणी आजारी पडले नव्हते. आजारी पडले ते पाच जण, आणि पाचही जण पंपाच्या खोलीत बसलेले. एवढा परिस्थितीजन्य पुरावा समोर असता कोणताही नवशिका वकील आचाऱ्यांना निर्दोष सोडवून आणता. पण घराची अब्रू म्हणून मी एका निरपराध माणसाची अब्रू जाऊ दिली. म्हणून या लेखात मी फिर्यादी आहे, तसाच आरोपीही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या समाजात कोंबडी कच्ची राहते ती निखाऱ्यांच्या दोषाने नव्हे, तर आडोशाच्या दोषाने. लपवायचे म्हणून अंधार हवा, आणि अंधारात मांस शिजले की नाही ते दिसत नाही. लपवायचे म्हणून घाई हवी, आणि अख्खी कोंबडी घाईने भाजत नाही. लपवायचे म्हणून रॉकेल हवे, आणि त्याचा वास मांसाला लागतो. लपवायचे म्हणून दार लोटायचे, आणि बंद खोलीत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसे बसल्या जागी मरतात. त्या रात्री पाच मुले जुलाबांवर सुटली, ही देवाची कृपाच म्हणायची. लपवण्याचे शेवटचे फळ मात्र सर्वांत कडू आहे. माश्यांच्या हुमणाला किती वेळ आच द्यावी हे आपल्या मुलींना आणि सुनांना वडीलधाऱ्यांनी हाताला धरून शिकवले. कोंबडीचे ज्ञान मात्र कोणी कोणाला दिले नाही, कारण घरात ती गोष्ट अस्तित्वातच नव्हती. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीची परंपरा कशी निर्माण होणार?

आता ती नीट कशी भाजावी हे मी उघड सांगतो. या पानावर ते छापले जाणे हाच माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग आहे.

प्रथम पक्षी कोणता, हे पाहावे. गावठी कोंबडी चांगली, हा आपला अभिमान रश्शापुरता खरा आहे. अंगणात दाणे टिपत वर्षभर फिरलेल्या कोंबडीचे मांस चिवट असते. ते पाण्यात सावकाश शिजले तरच मऊ होते. निखाऱ्यांच्या कोरड्या आचेवर तिचा वादीसारखा पट्टा होतो. भाजण्यासाठी कोवळा पक्षी लागतो आणि बाजारातली सहा-सात आठवड्यांची कोंबडी तेवढ्यासाठी योग्य आहे. पाणिनीने आपल्या व्याकरणात सळईवर भाजलेल्या अन्नाला 'शूल्य' आणि हंडीत शिजवलेल्याला 'उख्य' अशी दोन निराळी रूपे साधून दिली आहेत. जो भेद वैयाकरणाला महत्त्वाचा वाटला, तो आपल्याला स्वयंपाकात विसरून चालणार नाही.

कोंबडी नळाखाली धुऊ नये. आपल्या स्वच्छतेच्या कल्पनांना हे ऐकून धक्का बसेल, परंतु धुतल्याने जंतू मरत नाहीत. ते शिंतोड्यांबरोबर मोरीत, ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू मारते ती आच. तेव्हा कोरड्या फडक्याने किंवा कागदाने कोंबडी टिपून घ्यावी आणि तिची सुरी व पाट वेगळे ठेवावे. दीड किलोच्या कोंबडीला साधारण वीस ग्रॅम मीठ आतबाहेर चोळून ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे मीठ हाडापर्यंत पोहोचते. आले, लसूण, मिरी, हळद, हिरवी मिरची आणि थोडे दही दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास आधी लावले तरी पुरते. लिंबू शेवटी पिळावे. आंबट फार वेळ राहिले तर वरचे मांस पिठूळ होते.

कोळसा लाकडाचा किंवा करवंटीचा घ्यावा. त्यावर रॉकेल ओतू नये. खाली सुक्या शेंड्या आणि कागद पेटवावा आणि वाट पाहावी. अर्ध्या तासात निखाऱ्यांवर पांढरी राख धरते. त्याआधी मांस वर ठेवणे म्हणजे धुरात ठेवणे. मग खरे मर्म येते. निखारे कोंबडीखाली ठेवू नयेत. उभ्या चिरलेल्या लोखंडी पिंपात ते दोन्ही बाजूंना सारावेत, मधोमध पाणी घातलेले ताट ठेवावे आणि त्या ताटावरच्या जाळीवर कोंबडी छाती वर करून, पाय बांधून, पंख अंगाखाली दुमडून ठेवावी. वर मोठे पातेले पालथे घालून ते कडेला बोटभर उघडे ठेवावे. चरबी ताटात पडते, निखाऱ्यांवर पडत नाही. त्यामुळे भडका उडत नाही आणि कातडीवर काजळी धरत नाही. आच चारी बाजूंनी येते आणि भट्टीसारखी आत मुरते. दर अर्ध्या तासाने बाजूला पेटवून ठेवलेले थोडे निखारे घालावेत. दीड किलोच्या कोंबडीला एवढ्याने सव्वा ते दीड तास लागतो. पाव तासात हे होते असे म्हणणारा माणूस तुम्हाला कच्चे मांस देणार आहे.

आणि ती झाली की नाही, हे डोळ्यांवर सोपवू नये. काळी कातडी हा पुरावा नव्हे. उलट हाडाजवळची लाली हाही कच्चेपणाचा पुरावा नव्हे. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातला रंग पुरत्या शिजलेल्या मांसातही उतरतो. पुरावा एकच. टोचायचा थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसावा. तो ७४ अंश सेल्सिअस दाखवतो की नाही ते पाहावे, आणि छातीतही तसेच पाहावे. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कोंबडीतले जंतू त्या उष्णतेला टिकत नाहीत. मांडी आणखी पाच-सहा अंश वर गेली तर अधिक मऊ लागते. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे कोंबडी तशीच विसावू द्यावी आणि मग कापावी. त्या थर्मामीटरची किंमत उत्सवातल्या एका फटाक्यांच्या माळेहून अधिक नसते. आमच्या घरात तो नव्हता, कारण तो विकत आणायचा तर काय मोजण्यासाठी आणला, हे सांगावे लागले असते.

येथे दोन बाजूंनी आक्षेप येणार आहेत. पहिला शास्त्राचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावात पाळलेला कोंबडा द्विजांना वर्ज्य सांगितला आहे, हे खरे. तो ज्या श्लोकात वर्ज्य सांगितला आहे त्याच श्लोकात लसूण आणि कांदाही आहेत, हेही तितकेच खरे. कांदालसणाची फोडणी देवघराशेजारी चालते, आणि कोंबडीपुरते तेवढे शास्त्र आठवते, हा काही शास्त्राचा आदर नव्हे. जो खरोखर व्रत म्हणून मांस वर्ज्य करतो त्याच्यापुढे मी नम्र आहे. त्याला हा लेख एका शब्दानेही बदलायला सांगत नाही. माझे भांडण व्रतस्थाशी नाही. व्रत न घेता व्रतस्थाचा मान घेऊ पाहणाऱ्याशी आहे, आणि त्या माणसांत माझेही घर आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. काही तरुण मंडळी म्हणतील, "पूर्वज सर्व काही खात होते; हे सोवळेओवळे, उत्सवाचे निर्बंध हेच मुळात ढोंग आहे." पूर्वज खात होते, हे मलाही ठाऊक आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या रीती सांगितल्या आहेत. ती कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्याच सीमाभागातले. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत राखणदाराला कोंबडा देण्याची चाल आहेच. पण म्हणून देवळाच्या दिवसांचे नियम ढोंग ठरत नाहीत. नियम हा वेळ आणि जागा ठरवतो. लपवाछपवी दोन्ही बुडवते. उत्सवाच्या दिवसांत, श्रावणात, देवळाच्या परिसरात हे होणार नाही, असे उघड म्हणणारे घर आणि इतर दिवशी, अंगणाच्या अमुक कोपऱ्यात, वेगळ्या भांड्यांत हे होईल, असेही उघड म्हणणारे घर, हे माझ्या मते अधिक धार्मिक घर आहे. "म्हाका सांगूं नाका" म्हणणाऱ्या घरात नियमही मोडतो आणि मांसही कच्चे राहते.

घरात लपवण्याची ही सवय आपण बाजारातही घेऊन जातो, आणि बाजार तिचा फायदा घेतो. घरी जे शिकले नाही ते आपण बाहेर खायला जातो आणि ताटात लालभडक रंग दिसला की तृप्त होतो. तो लाल रंग नेहमी मिरचीचाच असतो असे नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने चिकन कबाब आणि मासळीच्या पदार्थांत कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. तपासलेल्या ३९ कबाब-नमुन्यांपैकी ८ नमुने त्या रंगांमुळे असुरक्षित ठरले होते. सनसेट यलो आणि कार्मोइसिन ही त्या रंगांची नावे. बंदी मोडणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे तेव्हा जाहीर झाले. बेळगावच्या आणि सीमेवरच्या वाचकांना हे ठाऊक असेल. वकील म्हणून मी या कायद्याचे स्वागत करतो. पण शिक्षा कितीही कडक असली तरी गिऱ्हाइकाच्या मागणीपुढे ती तोकडी पडते. भाजलेल्या मांसाचा खरा रंग कोणता, हे ज्याने आपल्या अंगणात कधी पाहिलेच नाही, तो रंगवलेल्या मांसालाच खरे समजणार. घरचा अंधार आणि हॉटेलातला रंग, दोन्हींचे काम एकच: मांसाची खरी अवस्था डोळ्यांआड करणे.

आता आचाऱ्यांची हकीकत पुरी करतो. सहा आठवडे मी गप्प होतो. त्यानंतर महाजनांची बैठक भरली, तेव्हा मी उभा राहिलो आणि पंपाच्या खोलीत काय घडले ते तारीखवार सांगितले. काही जण खाली पाहू लागले, काही जण हसले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, "हे येथे सांगण्याची काय गरज होती?" असे विचारले. गरज होती ती समोरच बसली होती. आचारी खांद्यावरच्या पंचाने तोंड पुसत होते. बैठक उठल्यावर ते माझ्यापाशी आले. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "वकीलबाब, माझ्या डाळीत खोट नव्हती, हे मला ठाऊक होते. पण सहा आठवडे मी रोज रात्री ती डाळ मनात पुन्हा शिजवून पाहत होतो, माझे कोठे चुकले ते शोधत." यापुढे मला काही बोलता आले नाही. मूल बरे झाले, पण त्या माणसाच्या सहा आठवड्यांच्या रात्रींची भरपाई कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही.

यंदा उत्सवानंतर चार दिवसांनी आमच्या खळ्यात भर दुपारी कोंबडी भाजली. पिंप, ताट, पाणी, पालथे पातेले आणि थर्मामीटर, सारे वाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते. काकींनी अंगणात खुर्ची मागवून घेतली. त्या खात नाहीत आणि पुढेही खाणार नाहीत. पण मुलांनी पाऊण तासातच पातेले उचलण्याची घाई केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून त्यांनी त्यांना खाली बसवले. पुतण्याने स्वतः सळई खुपसून आकडा मोठ्याने वाचला.

वाचकहो, आपल्या घरात हे होत नसेल तर उत्तमच, आणि आपल्याला माझा नमस्कार. पण होत असेल तर ते अंगणात आणा. मुलांना घड्याळ आणि थर्मामीटर द्या, आणि त्यांच्याजवळ वडीलधारे माणूस बसवा. आणि कधी डॉक्टरांनी विचारलेच, "काय खाल्ले?" तर खरे सांगा. त्या प्रश्नाच्या खोट्या उत्तराची किंमत देण्यासाठी गावात कोणीतरी निरपराध माणूस नेहमीच सापडतो.